कुमुदमावशींचा फोटो

अमेरिकेत अर्विंगमधल्या आमच्या मराठी मंडळाचे गेल्या चौदा वर्षांतले जवळजवळ सगळे फोटो कुमुदमावशी सबनीसांनी काढलेले आहेत, आणि त्यातल्या एकातही कुमुदमावशी नाहीत. कुणी फोन वर केला रे केला की हातातला डाव, परात, कुणाचं बाळ, जे काय असेल ते शेजारच्याकडे सोपवून मावशी पुढे यायच्या आणि म्हणायच्या, "द्या इकडे. मी काढते."

मग हुकूम सुटायचे. "कुलकर्णी, पोट आत. वहिनी, हनुवटी वर. मिलिंद, तू उंच आहेस हे सगळ्यांना माहितीये, मागे जा." मिलिंद म्हणजे माझा नवरा. एरवी ऑफिसात कुणाचं न ऐकणारी मोठमोठी मंडळी मावशींसमोर श्वास रोखून उभी राहायची. फोटो मात्र सुरेख यायचे. माझा आयुष्यातला एकमेव बरा फोटो त्यांनीच काढलेला आहे आणि तो मी आठ वर्षं सगळीकडे चिकटवते आहे. आता चेहरा त्याच्याशी जुळत नाही, पण तो दोष मावशींचा नाही.

"मावशी, आता तुम्ही या" म्हटलं की कारण तयार. एकदा म्हणाल्या, नजर लागते. एकदा म्हणाल्या, साताऱ्याच्या ज्योतिष्यानं बजावलंय. एकदा नवी कोरी पैठणी नेसून म्हणाल्या, आज साडी धड नाही. वैतागून आम्ही त्यांना सेल्फी स्टिक भेट दिली. ती त्यांनी मंडळाच्या स्टोअररूममध्ये वरच्या फळीवरची पातेली पुढे ओढायला वापरली आणि फार उपयोगी वस्तू दिलीत म्हणून आमचे आभार मानले. फोनवर त्यांच्या नावाशेजारी चेहऱ्याच्या जागी कढीपत्त्याच्या कुंडीचा फोटो असायचा. तो मात्र दर महिन्याला बदलायचा, कारण कढीपत्ता वाढत होता.

दुसरी तऱ्हा म्हणजे त्या गाडी चालवायच्या नाहीत. तीही टेक्सासमध्ये, जिथे कोथिंबिरीच्या जुडीसाठी हायवे गाठावा लागतो. त्यांना सगळीकडे न्यायचे त्यांचे यजमान, दिगंबरकाका. काका कधीकाळी टेलिकॉममधले इंजिनिअर. ती नोकरी गेल्यापासून शाळेची पिवळी बस चालवतात आणि दिवसाला साधारण बारा शब्द बोलतात. मावशी गाडीत असल्या की काकांचा वेग असा, की मागचे लोक हॉर्न वाजवून थकायचे. "वाजवू देत," मावशी म्हणायच्या. "त्यांना घाई आहे, आपल्याला नाही."

एका पिकनिकला त्या अशाच कॅमेऱ्यासमोरून सटकल्या तेव्हा मी मोठ्यानं म्हटलं, "मावशी, पोलिसांना हव्या आहात की काय तुम्ही?" सगळे हसले. मावशीही हसल्या आणि "भात बघून येते" म्हणून गेल्या. त्या पिकनिकला नुसती सँडविचेस होती, भात नव्हताच, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं नाही.

मग एका शनिवारी सकाळी मावशी आमच्या दारात. हातात प्लास्टिकची पिशवी. मागे गाडीत काका, इंजिन चालू ठेवून.

"नीलू, तुझ्याकडे माझा एखादा फोटो आहे का गं?"

मला वाटलं थट्टा चाललीय. मावशी खुर्चीच्या टोकाशी बसल्या आणि एका दमात सगळं बोलल्या. एकोणीस वर्षांपूर्वी चुलतभावाच्या बायकोच्या बाळंतपणाला म्हणून त्या सहा महिन्यांच्या व्हिसावर आल्या होत्या. आधी बाळ अशक्त, मग वहिनी आजारी, करता करता मुदत उलटून गेली. भाऊ पुढे दुसऱ्या राज्यात गेला, या पोळ्या लाटत इथेच राहिल्या. काकांशी लग्न झालं. काका कधीचे अमेरिकन नागरिक. मावशींकडे मात्र लायसन्स नाही, ओळखपत्र नाही, काहीच नाही. आई गेली तेव्हा जाता आलं नाही, कारण गेल्या तर परत येता आलं नसतं. फोटो कुठून कुठे फिरतो आणि कोण बघतो याचा नेम नाही, म्हणून फोटोच नको.

"मग इतकी वर्षं अर्ज का नाही केलात? नवरा सिटिझन आहे तुमचा."

मावशींनी माझ्याकडे जरा चमत्कारिक नजरेनं पाहिलं. "तूच म्हणाली होतीस ना. सात वर्षांपूर्वी दिवाळीच्या पॉटलक जेवणाला मी विचारलं होतं, माझी एक मैत्रीण आहे, तिचं असं असं आहे. तू म्हणालीस, तिला आधी देश सोडावा लागेल आणि मग दहा वर्षं बंदी."

म्हणाले होते. मला आठवलं. चोरून बॉर्डर ओलांडून आलेल्यांची गोष्ट कुठेतरी अर्धवट वाचली होती आणि ती मी ठोकून दिली होती. विमानतळावर रीतसर शिक्का मारून घेऊन आलेल्या माणसाची गोष्ट वेगळी असते. मुदत उलटली असली, तरी नागरिकाच्या नवऱ्याला किंवा बायकोला इथूनच ग्रीन कार्डचा अर्ज करता येतो. हे काकांना कळलं ते बस डेपोतल्या एका ड्रायव्हरकडून आणि त्यानं गाठून दिलेल्या वकीलबाईंकडून. तो शिक्का असलेला पासपोर्ट मावशींनी एकोणीस वर्षं तांदळाच्या डब्यात तळाशी जपला होता. माझ्या एका वाक्यापायी त्यांची सात वर्षं गेली होती. मी तसं म्हणाले आणि मला रडू आलं.

"असू दे गं," मावशी म्हणाल्या. "तेव्हा तुझ्या तोंडात चिवडा होता. माणूस चिवडा खाताना काहीही बोलतं."

अर्ज भरून झाला होता, मुलाखतीची तारीख आली होती. पण लग्न खरं आहे, संसार एकत्र आहे, हे दाखवायचं कसं? सही करायची वेळ आली की मावशी मागे सरायच्या, त्यामुळे भाडेकरार, बँक, विजेचं बिल, सगळं काकांच्या एकट्याच्या नावावर. वकीलबाई म्हणाल्या, निदान दोघांचे वर्षावर्षांचे फोटो आणा. मावशींनी पिशवीतून एक फोटो काढला. कोर्टात लग्न झालं त्या दिवशीचा. कोर्टाच्या पायऱ्यांवर काका एकटे, गळ्यात एक हार, हातात दुसरा.

"हा कुणी काढला?"

"मी काढला," मावशी म्हणाल्या.

मंडळाच्या ग्रुपवर खरं कारण लिहिणं शक्य नव्हतं. एकशेऐंशी माणसं आणि प्रत्येकाला मत. म्हणून मी लिहिलं, कुमुदमावशींची साठी आहे, गुपचूप अल्बम करतोय, त्यांचा चुकूनमाकून आलेला प्रत्येक फोटो पाठवा. हे ऐकून मावशी पहिल्यांदाच चिडल्या. त्या छप्पन्न वर्षांच्या होत्या. "मला धरून नेलं तरी चालेल," त्या म्हणाल्या, "पण साठी?"

फोटो आले, दोनशेच्या वर. कुणाच्या वाढदिवसाच्या केकमागे मावशींचं कोपर. श्रीखंड वाढणारा बांगड्यांचा हात. दारामागे गेलेला पदर. कुलकर्ण्यांच्या शोकेसच्या काचेत अर्धा चेहरा. आणि त्यांनी स्वतः काढलेल्या ग्रुप फोटोंत, ऊन पाठीशी असलं की, आमच्या सगळ्यांच्या पायांशी गवतावर लांबच लांब सावली, दोन्ही कोपरं वर उचललेली. चौदा वर्षं बाई आमच्यातच होती, तुकड्यातुकड्यांनी.

मी डायनिंग टेबलावर हे सगळं लावत बसले होते तेव्हा माझी चौदा वर्षांची सई येऊन बघायला लागली. "मॉम, सबनीसकाका नेव्हर लुक्स ॲट द कॅमेरा. इट्स सो वीअर्ड."

मी पुन्हा बघितलं. मावशींनी काढलेल्या फोटोंत आम्ही सगळे कॅमेऱ्याकडे बघतोय आणि काका त्याच्या वीतभर वर, कॅमेरा धरणारीच्या चेहऱ्याकडे. इतरांनी काढलेल्यांत काका भलतीकडेच बघतायत, कधी स्वयंपाकघराच्या दाराकडे, कधी चौकटीच्या पार बाहेर. आणि तिथेच कडेला ते कोपर किंवा तो पदर. मी सगळे फोटो वर्षांप्रमाणे लावले आणि सोबत एक पत्र लिहिलं. या खेपेला पत्र आधी वकीलबाईंना दाखवलं.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी सकाळी पाकीट द्यायला गेले. हल्ली मुलाखतीला गेलेल्या माणसांना कधीकधी तिथूनच धरून नेतात, ती परत येतातच असं नाही, हे आम्हाला तिघांनाही माहीत होतं. मावशी म्हणाल्या, फ्रीझरमधून तुझ्यासाठी मोदक घे. मी दार उघडलं. आत डबेच डबे. आमटी, उसळ, पुरण, पोळ्यांची चळत, प्रत्येकावर चिकटपट्टी आणि मावशींच्या अक्षरात वार. चार आठवडे पुरेल एवढं. वर एक कागद: कढीपत्त्याला पाणी एक दिवसाआड, थंडी पडली की कुंडी आत. मी मोदक न घेताच दार लावलं.

पुढचं मला मावशींनी सांगितलं. मुलाखत घेणारी बाई तरुण होती, चेहऱ्यावर काही दिसू न देणारी. तिनं फोटो एकेक करून चाळले आणि विचारलं, यात तुम्ही कुठे आहात? मावशींनी कोपर दाखवलं, हात दाखवला, सावली दाखवली. मग ती काकांना म्हणाली, आणि तुम्ही कुठे बघताय?

काकांनी फोटो तिच्या बाजूला फिरवले आणि एकेका फोटोच्या कडेबाहेर, उघड्या टेबलावर बोट टेकवत गेले. "हिअर," ते म्हणाले. "हिअर. हिअर. हिअर."

बाईनं त्या टेबलाकडे जरा वेळ बघितलं आणि फाइलमध्ये काहीतरी लिहिलं. संध्याकाळी दोघं घरी होती, सोमवारचा डबा उघडून जेवत होती. पाच आठवड्यांनी कार्ड आलं. त्यावर मावशींचा फोटो आहे, एकोणीस वर्षांतला पहिला. तो बघून त्या म्हणाल्या, कुणी काढलाय हा, हनुवटी वर घ्यायला सांगू नये का?

यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सगळे फोटोसाठी जमले तेव्हा मावशी सवयीनं पुढे आल्या. मग थांबल्या. फोन माझ्या हातात दिला, पदर नीट केला आणि काकांशेजारी जाऊन उभ्या राहिल्या. "अहो, पोट आत," एवढं म्हणाल्या.

मी फोन वर केला. मावशी अगदी ताठ, परीक्षेला बसल्यासारख्या, सरळ माझ्याकडे बघत होत्या. काका मान वळवून त्यांच्याकडे.

"काका, इकडे बघा," मी म्हटलं. दोनदा म्हटलं, तीनदा म्हटलं. मग तसाच काढला.