डॉक्टरांचा कॉम्प्युटर हलका झाला

दवाखाना उघडला की काउंटरवरच्या ताई सगळ्यात आधी कॉम्प्युटरचं बटण दाबायच्या. मग पर्स कपाटात ठेवायच्या, खुर्ची पुसायच्या, पाणी प्यायच्या आणि घरी फोन करून गॅस बंद केलाय का ते विचारायच्या. एवढं होईपर्यंत पडद्यावर काहीतरी निळसर दिसायला लागलेलं असे. बाकावर पेशंट येऊन बसलेले असत. "झालं का?" असं विचारणाऱ्या प्रत्येकाला ताईंचं एकच उत्तर असे, "उघडतंय."

पुढे नाव टाकलं की पडद्यावर एक घड्याळ गरगर फिरत बसे. टेबलाखालच्या डब्यातला पंखा असा काही घरघरे की शेजारी बसलेल्या माणसाशीही ओरडूनच बोलावं लागे. घड्याळ फिरत असताना गप्प बसणं ताईंच्या स्वभावात नव्हतं.

"गुडघा का आज?" ताई ओरडून विचारत.

"नाही हो, छातीत जळजळतंय," निवृत्त हेडमास्तर तितक्याच जोरात सांगत.

"काल मुलीकडे गेला होतात ना?"

"हो. तिनं भजी केली होती."

"आणि घरी काय सांगितलंत?"

"भात खाल्ला म्हणून सांगितलं."

तेवढ्यात घड्याळ थांबे, हेडमास्तरांची माहिती पडद्यावर उमटे आणि ते आत जात. आतली खोली आणि बाहेरचा बाक यांच्यामध्ये फक्त एक लाकडी पार्टिशन होतं. तेही छतापर्यंत पोचलेलं नव्हतं.

हेडमास्तर आत जाऊन गुपचूप जीभ बाहेर काढून बसत. त्या दवाखान्याची ती रीतच होती. डॉक्टरांना काही सांगायचं नाही, त्यांचं त्यांना कळतं. डॉक्टर जिभेकडे ओझरतं बघत, पोटावर दोन बोटं ठेवत आणि म्हणत, "तळलेलं बंद करा. आणि घरी खरं सांगत जा." हेडमास्तर हात जोडून बाहेर येत आणि भेटेल त्याला सांगत सुटत की असा डॉक्टर आता जन्माला यायचा नाही. डॉक्टरांनाही मनातून तसंच वाटत होतं. नाडीवर बोट ठेवलं की आपल्याला काहीतरी सुचतं, ते कुठून येतं कोण जाणे, असं ते बायकोला सांगत. बायको बरं म्हणे.

सगळं असं सुरळीत चाललेलं असताना डॉक्टरांचा भाचा दवाखान्यात आला. त्याला नोकरीसाठी तब्येतीचं सर्टिफिकेट हवं होतं. आपल्या मामाच्या दवाखान्यात आपण बाकावर ताटकळतोय, तेही फक्त आपलं नाव उघडत नाही म्हणून, हे त्याला सहन होईना. तो कॉम्प्युटर कंपनीत होता. घड्याळ फिरताना बघून बाकीच्यांना जांभया येत, त्याला घाम आला.

"मामा, मशीन चांगलं आहे," तो आत येऊन म्हणाला. "त्याच्यावर बसवलेली सिस्टिम जड आहे. म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यावर कपाट ठेवल्यासारखं झालंय. माझ्याकडे एक हलकी सिस्टिम आहे, खास जुन्या कॉम्प्युटरसाठी बनवलेली. फुकट आहे. कोणीही आत डोकावून बघावं, हवी तशी बदलावी, कोणाची ना नाही."

"फुकट म्हणजे काहीतरी खोट असणार."

"काही खोट नाही. जगभरातली माणसं आपापल्या नोकऱ्या सांभाळून ती बनवतात."

"त्यांना घरी कामं नसतात का?" पार्टिशनपलीकडून ताईंनी विचारलं.

भाच्याने तिकडे लक्ष दिलं नाही. रविवारी तो पेन ड्राइव्ह घेऊन आला, पेशंटची सगळी माहिती नीट बाजूला काढून ठेवली, जुनी सिस्टिम पुसून टाकली आणि चहा निवायच्या आत नवी बसवली. माहिती जशीच्या तशी परत आली. प्रिंटर चालला. कुठे एक चूक म्हणून झाली नाही. तक्रार करायला जागाच ठेवली नव्हती त्याने, आणि खरा घोटाळा तिथेच झाला.

सोमवारी ताईंनी बटण दाबलं आणि पर्स ठेवायला वळल्या, तर मागे कॉम्प्युटर तयार होऊन बसलेला. त्यांना उगाचच आपल्याला उशीर झाल्यासारखं वाटलं. पहिल्या पेशंटचं नाव टाकलं, माहिती हजर. दुसऱ्याचं टाकलं, हजर. "काय होतंय?" एवढं विचारायलासुद्धा फट नव्हती. त्यातून तो पंखा गप्प झालेला. खोलीत अशी शांतता पसरली की बाकावरची माणसं परीक्षेला बसल्यासारखी कुजबुजायला लागली.

आत हेडमास्तर आले, बसले आणि जीभ काढली. डॉक्टरांनी जिभेकडे बघितलं. नाडीवर बोट ठेवलं. काही सुचेना. दुसरा हात धरला, तरी सुचेना.

"काय होतंय?" शेवटी त्यांनी विचारलं.

हेडमास्तरांनी जीभ आत घेतली. "तुम्ही विचारताय?"

"म्हणजे, तुमच्या तोंडून ऐकावं म्हटलं."

"आजवर कधी विचारलं नाहीत," हेडमास्तर दुखावल्या आवाजात म्हणाले आणि परत जीभ काढून बसले. जणू या माणसाला त्यांनी सुधारायची शेवटची संधी दिली होती. डॉक्टरांनी अंदाजाने खोकल्याचं औषध दिलं. हेडमास्तरांच्या पायात काटा मोडला होता.

त्या आठवड्यात डॉक्टरांच्या नाकी नऊ आले. एक संपला की दुसरा, दुसरा उठायच्या आत तिसरा, आणि सगळे मुके. कान दुखणाऱ्या बाईंना त्यांनी वजन कमी करायला सांगितलं. ज्या माणसाला नुसतं सासुरवाडीला न जाण्यासाठी आजारपण हवं होतं, त्याला ठणठणीत म्हणून परत पाठवलं. त्याच्या घरी काय झालं असेल ते त्याचं त्याला माहीत. गावभर बोललं जाऊ लागलं की डॉक्टरांचं आता वय झालं. चौकातल्या नव्या दवाखान्यात निदान विचारतात तरी, असं म्हणत माणसं तिकडे वळायला लागली. बाकावर पहिल्यांदाच मोकळी जागा दिसली.

अशाच एका रिकाम्या दुपारी ताईंच्या नणंदेचा फोन आला. नणंदेला कमी ऐकू येतं, त्यामुळे ताईंनी आवाज चढवला. डॉक्टर आत डोकं धरून बसले होते. नणंदेच्या सुनेचं काय बिनसलंय, लोणचं कोणी परत पाठवलं आणि त्यावरून कोणाचा रक्तदाब वाढलाय, हे सगळं अक्षर न अक्षर त्यांच्या कानावर आलं. ऐकता ऐकता त्यांच्या मनात आलं, हिला पित्तही असणार. आणि मग ते एकदम ताठ बसले. त्यांनी पार्टिशनकडे बघितलं. वरच्या मोकळ्या जागेकडे बघितलं. आपला इतक्या वर्षांचा अनुभव त्या फटीतून येत होता, हे कळल्यावर त्यांना फार वाईट वाटलं. थोडा वेळ त्यांनी स्वतःची नाडी धरून ठेवली.

संध्याकाळी त्यांनी भाच्याला फोन लावला.

"ती जुनी सिस्टिम परत बसव."

"का? बंद पडलं का काही?"

"नाही. उत्तम चाललंय."

"मग?"

"फारच उत्तम चाललंय. थोडं जड करता येईल का?"

"मामा, जगभरातली माणसं ती हलकी करायला डोकं फोडतायत. आणि तुम्हाला जड करून हवीय? कशाला?"

याचं उत्तर भाच्याला देण्यापेक्षा दवाखाना बंद केलेला बरा, असं डॉक्टरांना वाटलं. त्यांनी फोन ठेवला आणि मार्ग आपला आपण काढायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी घरातला जुना टेबलफॅन आणून काउंटरवर ठेवला. तो खडखडत असे, म्हणून बायकोने माळ्यावर टाकला होता. मग त्यांनी ताईंना आत बोलावलं.

"ताई, कॉम्प्युटर उघडला तरी उघडत नाहीये असं म्हणायचं. आणि पेशंटशी बोलत राहायचं. मोठ्यानं."

"खोटं बोलू?"

"खोटं कशाला? उशिरानं खरं बोला."

"डॉक्टर, मला खोटं जमत नाही. तोंड लाल होतं माझं. लहानपणापासून आहे ते."

"मग पडद्याच्या मागे तोंड ठेवा," डॉक्टर वैतागून म्हणाले.

टेबलफॅन खडखडायला लागला. दिवस थंडीचे. बाकावरची माणसं मफलर गुंडाळून कुडकुडत बसली. दुखण्यासाठी आलेला माणूस सर्दी घेऊन जायला लागला. कागद उडायचे, ताई ते धरायला धावायच्या, आणि खुर्ची रिकामी झाली की उघडलेला पडदा सगळ्यांना दिसायचा. "उघडतंय" म्हणताना त्यांचा चेहरा असा लाल व्हायचा की एका बाईंनी त्यांनाच आधी तपासून घ्यायला सांगितलं. तरी बोलणं मात्र पुन्हा सुरू झालं, मोठ्याने सुरू झालं, आणि आत डॉक्टरांना पुन्हा सुचायला लागलं. माणसं शिंकत शिंकत परत येऊ लागली.

एवढ्यावर निभावलं असतं, पण कोणीतरी डॉक्टरांच्या बहिणीला जाऊन सांगितलं की तुमच्या मुलाने बसवलेलं ते नवीन काही चालत नाही म्हणे. भाच्याच्या ते जिव्हारी लागलं. दुसऱ्या दिवशी तो ऑफिस बुडवून दवाखान्यात हजर.

"ताई, काय होतंय?" त्याने खडखडाटावरून ओरडून विचारलं.

"उघडतंय," ताई म्हणाल्या आणि कानापर्यंत लाल झाल्या.

भाचा सरळ काउंटरच्या आत गेला. पडदा स्वच्छ उघडलेला होता. "ताई, हे तर उघडलंय."

"तू ना, बाळा, मामांना विचार," ताईंनी पदराने तोंड पुसलं.

तो तणतणत आत शिरला. डॉक्टरांनी त्याचा चेहरा बघितला, आणि तो तोंड उघडतोय तोवर त्यात थर्मामीटर कोंबलं. "चेहरा उतरलाय तुझा. पड तिकडे. अजिबात बोलायचं नाही." तपासणीच्या पलंगावर त्याला आडवं करून त्यांनी पडदा ओढून घेतला.

थर्मामीटर तोंडात, नजर छताला. भाच्याला करण्यासारखं एवढंच होतं की ऐकत पडायचं. बाहेरून हेडमास्तरांचा आवाज आला, अगदी त्याच्या उशाशी बसून बोलावं तसा.

"झोप लागत नाही हो, ताई."

"का? काटा निघाला ना?"

"काटा निघाला. पण नातू परगावी गेला शिकायला. घर खायला उठतं. सकाळी उठून त्याच्यासाठी पण दूध तापवतो मी."

"घरी बोललात?"

"काय बोलणार? तीपण तेच करते. दोघांचं मिळून दूध उरतं."

थोड्या वेळाने हेडमास्तर आत आले, बसले, जीभ काढली. डॉक्टरांनी नाडी धरली आणि बराच वेळ धरून ठेवली. "औषध काही नाही," ते हळूच म्हणाले. "संध्याकाळी दोघं फिरायला जा. आणि नातवाला फोन करा, त्यानं करायची वाट बघू नका."

जाताना हेडमास्तरांनी डोळे टिपले, आणि दारातून वळून म्हणाले, "मी समजत होतो तुमचं वय झालं. माफ करा."

ते गेल्यावर पडदा सरकला. भाचा पलंगावर उठून बसला होता. थर्मामीटर त्याच्या हातात होतं.

"मामा."

"ताप नाही तुला."

"ते पार्टिशन..."

"लाकडी आहे."

भाच्याने पार्टिशनच्या वरच्या फटीकडे बघितलं, मग मामाकडे. डॉक्टर टेबलावरचे कागद सरळ करत होते, जे आधीच सरळ होते. एवढ्या नावाजलेल्या माणसाचा इतका ओशाळलेला चेहरा भाच्याने कधी पाहिला नव्हता. तो बाहेर गेला. ताईंना उठवून त्यांच्या खुर्चीत बसला आणि कीबोर्डवर काहीतरी बडवायला लागला.

दुपारपर्यंत टेबलफॅन माळ्यावर परत गेला. आता नाव टाकलं की पडद्यावर एक घड्याळ येई आणि निवांत गरगर फिरत राही. सोबत स्पीकरमधून त्या जुन्या डब्याची हुबेहूब घरघर ऐकू येई. कशासाठी, ते त्या हलक्या सिस्टिमलाही ठाऊक नव्हतं. ताईंनी पहिलं नाव टाकून पाहिलं, घड्याळाकडे डोळे भरून बघितलं आणि मोठ्या मोकळ्या आवाजात म्हणाल्या, "उघडतंय." त्यांच्या चेहऱ्याचा रंग जराही बदलला नाही.

चष्मा विसरला म्हणून हेडमास्तर परत आले होते. घरघर ऐकून ते बाकावर टेकले.

"डॉक्टर एवढे हुशार," ते भाच्याच्या कानाशी ओरडले, "आणि कॉम्प्युटर बघा कसला. कोणी बसवून दिला हा?"

ताईंना खोटं बोलता येत नाही. "डॉक्टरांच्या भाच्यानं," त्या म्हणाल्या.

"तरीच," हेडमास्तर म्हणाले.

भाचा बॅग भरत होता. त्याने एकदा घड्याळाकडे बघितलं, एकदा पार्टिशनकडे, आणि बॅगची चेन लावली.