एकोणीस दाते, एक ब्लँकेट

दौंडमधल्या एका लहानशा चर्चच्या दातृत्व समितीपुढे नाताळच्या तोंडावर गंभीर पेच उभा राहिला. दाते एकोणीस होते आणि गरीब एकच. पत्र्याच्या खोलीत एकटी राहणारी, थंडीनं काकडणारी चांगुणाबाई समितीच्या व्याख्येत तंतोतंत बसली; बाकीचे अर्जदार थोडक्यात नापास झाले.

तेव्हा ठरलं, की दर रविवारी एका दात्यानं तेच ब्लँकेट चांगुणाबाईला द्यायचं, फोटो काढायचा आणि ब्लँकेट समितीकडे परत जमा करायचं. एकोणिसाव्या रविवारी ते तिचं कायमचं. उजव्या हाताचं दान डाव्याला कळू नये, म्हणून फोटोत डावा हात पाठीमागे धरणं सक्तीचं होतं. चर्चच्या पाळकसाहेबांनी या नियमाचं विशेष कौतुक केलं.

"आवं करुणाताई, एकोणीस रविवार म्हंजी एप्रिल उजाडंल की," चांगुणाबाई समितीच्या अध्यक्षांना म्हणाली. "तवा ब्लँकेट घिऊन करू काय?"

"मावशी, श्रद्धेत घाई चालत न्हाई. आन् प्लॅस्टिक फोडू नका, फोटोत चमक जाती."

चांगुणाबाईनं चार रविवार हसून फोटो दिले. पाचव्या रविवारी फोटो झाला आणि तिला चर्चच्या फाटकाशी ऊसतोडीची एक बाई दिसली, पदरात तान्हं बाळ गुंडाळून बसलेली. बाळाचे ओठ निळे पडले होते. चांगुणाबाईनं दातांनी प्लॅस्टिक फोडलं आणि ब्लँकेट दोघांवर पांघरलं. फोटो कुणी काढला नाही. आपणही कुणाला काही दिलं, या आनंदात तिचे डोळे भरून आले.

समितीची तातडीची बैठक तिथंच भरली.

"कुणाला इचारून दिलं?" सेक्रेटरी आण्णा कडाडले.

"पोर गारठलं हुतं, आण्णा. मला बी कवातरी द्यावं वाटलं."

"तुमचं काम घ्यायचं हाय! जो देतो त्याला गरीब कसं म्हणायचं?"

चांगुणाबाईचं नाव गरिबांतून कमी झालं आणि विसावा दाता म्हणून बढती देऊन, नवं ब्लँकेट जमा करण्याचं पत्र तिला मिळालं. तिनं ते पत्र्याच्या फटीत कोंबलं. वारं तेवढंच कमी झालं.

गरिबाची जागा तूर्त रिकामी आहे. ऊसतोडीच्या बाईचं नाव सुचवलं होतं, पण ती चर्चच्या मंडळीची सभासद नाही. दाते मात्र वाढताहेत. हे वाचून तुम्ही हळहळला असाल, तर समिती तेही दानच धरते. तुमचं नाव एकविसावं आहे. फोटोला कोणत्या रविवारी येता, तेवढं कळवा.