पडद्याचा खालचा उजवा कोपरा

आपण अस्सल आहोत की नाही, हे आपले आपण ठरवायचे नसते; त्यासाठी सक्षम प्राधिकारी असतो. माणसांच्या बाबतीत हे काम नातेवाईक करतात. संगणकाच्या बाबतीत ते परवाना देणारी कंपनी करते, आणि नातेवाइकांपेक्षा जास्त मन लावून करते, हे कौतुकाने नमूद करावेसे वाटते.

माझी ताई दातांची डॉक्टर. मी तिच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर बसतो (पद व्यवस्थापकाचे, काम पेशंटला थोपवून धरण्याचे). आत खुर्चीसमोरच्या पडद्यावर पेशंटला स्वतःच्या जबड्याचा एक्स-रे दिसतो. त्याचा संगणक सारखी मान टाकू लागला, म्हणून दुरुस्तीवाल्याने मदरबोर्ड बदलला. संगणक टुणटुणीत झाला आणि दुसऱ्याच दिवशी पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात ओळ उमटली : ‘संगणकप्रणालीची ही प्रत अस्सल नसावी.’

‘नसावी’मधली सभ्यता पाहा. थेट आरोप नाही, नुसता संशय.

नियम सरळ आहे. मेमरी बदला, पंखा बदला, कंपनी मनाला लावून घेत नाही. मदरबोर्ड बदलला की मात्र जुना संगणक वारला, आणि त्याच्याबरोबर त्याचा परवानाही, असे समजण्यात येते. ताईने कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला.

“अहो, संगणक तोच आहे. आतला एक भाग फक्त बदललाय.”

“मॅडम, तो भाग म्हणजेच संगणक.”

“मी लोकांचे बत्तीसच्या बत्तीस दात बदलते. तरी घरचे ओळखतात त्यांना!”

“त्यांचा परवाना कुणाकडे असतो, मॅडम?”

ताईने फोन आपटला. “परवाना एकदा घेतलाय ना? माझ्याच वस्तूसाठी परत का घेऊ?” प्रश्न तत्त्वाचा होता, त्यामुळे सुटण्यासारखा नव्हता.

खुर्चीत आडव्या पडलेल्या माणसाला वाचायला दुसरे काही नसते. एका शिक्षिकेने आ वासलेल्या अवस्थेतच विचारले, की ते डॉक्टरांबद्दल आहे का. एक वकीलसाहेब अर्धी दाढ कोरून झाल्यावर ‘आलोच’ म्हणून गेले. आठवड्यात निम्मे पेशंट गळाले (उरलेले निम्मे चष्मा घरी विसरले होते). ताई रिकाम्या खुर्चीत स्वतःच बसून राहायची. मला फार वाईट वाटायचे.

शेवटी तिने जखमेला लावायची पांढरी चिकटपट्टी घेतली आणि तो कोपरा झाकून टाकला. पेशंट परतले. वकीलसाहेबही आले, गाल सुजवून.

आता एक्स-रेत नेमकी त्याच कोपऱ्यात खालची डावी शेवटची दाढ येते (पडद्यावर बाजू उलटतात). सुरुवातीला ताई तपासताना पट्टी उचलायची; पण पट्टी उचलली की पेशंटही उठायचा. मग तिने उचलणे सोडले. तेव्हापासून आमच्या एकाही पेशंटची ती दाढ किडलेली आढळलेली नाही. शंभर टक्के निकाल, आणि सगळे पेशंट समाधानी.

तेव्हा तुमची जी जीभ आत्ता डावीकडे खाली, अगदी शेवटी जाऊन चाचपते आहे, ती मुकाट्याने जागेवर घ्या. तिथे काही असते, तर तुमच्या डॉक्टरांना दिसले नसते का?