डावीकडची ढोलकी

पेणमधून गणपती घेऊन जाणारे हजारो असतात. गणपती घेऊन पेणला येणारा माणूस मी एकच पाहिला, आणि त्याच्याकडचाही गणपती नव्हता, कॉम्प्युटर होता.

बाळारामकाका गडबहून एसटीने यायचे. मांडीवर सीपीयू आणि त्यावर जरीचा रुमाल, मूर्तीचं तोंड झाकतात तसा. लोक उठून जागा द्यायचे. एकदा एका बाईने हात जोडले, तर काका तिला म्हणाले, "हिला सध्या बरं नाय."

स्टँडमागे माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. आत शिरताच काकांचं पहिलं वाक्य ठरलेलं, "बाय, ही दमली." ही म्हणजे मशीन. काकू दमल्याचं त्यांच्या तोंडून मी कधीच ऐकलं नाही.

काकांनी तीस वर्षं बेंजो पार्टीत बेंजो वाजवला. हळदी, वराती, मिरवणुका. मग गावोगाव डीजे आला आणि पार्टी मोडली. दुसरा कुणी घरी बसला असता. काका मोबाईलवर व्हिडिओ बघून गाणी बांधायचं सॉफ्टवेअर शिकले, तेही साठी उलटल्यावर! ते चालवायला मशीनमध्ये दम लागतो, आणि काकांची मशीन म्हणजे सुनेच्या ऑफिसने काढून टाकलेली. बेंजो, ढोलकी, ताशा, झांज, वर प्रत्येकाच्या आवाजाला घुमारा. पाचव्या ट्रॅकला ती मान टाकायची.

मी रॅम वाढवली. हार्ड डिस्क काढून एसएसडी घातली. पंखा बदलला. तो पंखा दोन महिन्यांत पुन्हा गेला, तेव्हा मात्र मी खोदून विचारलं.

"काका, ठेवता कुठे हिला?"

"सकाळी अंगणात. उन्हात."

"उन्हात?"

"तापवल्याबिगर कातडं बोलत नाय."

"अहो, हिच्यात कातडं नाहीये!"

"नसंल. पण थंड वाद्य हातात घ्यायचं बरं नाय वाटत."

काय बोलणार, कप्पाळ! शेवटी मी प्रोसेसर आणि मदरबोर्डही बदलले. जुना तेवढा रुमाल राहिला. चाळीस ट्रॅक एकदम लावले तरी मशीन हूं की चूं करेना. मी मनातल्या मनात सुटले म्हटलं.

आठवड्याने काका हजर. "बाय, अजून दमते. हेडफोनात ढोलकी येत नाय."

मी हेडफोन लावून बघितलं. ढोलकी दणदणीत. "येतेय की," मी त्यांच्या डाव्या बाजूने म्हटलं. उत्तर नाही. काकांची ही एक खोड होती, मनात नसलं की ऐकूनच घ्यायचं नाही. मला भारी राग यायचा. पुन्हा आले तेव्हा मी समोर जाऊन भांडलेच. "एवढं काय अडलंय त्या ढोलकीवाचून?"

काकांनी रुमालाची घडी घातली, मोडली, परत घातली.

"हिराजीची हाय ती. आमच्या पार्टीतला. तीस वर्षं बाजूला उभा होता. मशीन घरी आली तेव्हा हौसेनं दुपारभर वाजवून तिच्यात भरून दिली, आणि पावसाळ्यात गेला. त्याच्या पोरीची हळद हाय येत्या रविवारी. तिच्या हळदीला आपलीच पार्टी वाजणार, असा मी त्याला शब्द दिलाय. आता बापाचीच ढोलकी नाय आली तर पोरीला तोंड कसं दाखवू?"

दुसऱ्याच दिवशी मी दुकान बंद ठेवून गडबला गेले. काकूंनी तांदळाची भाकरी आणि सुकट वाढलं. काकांशी बोलायचं झालं की काकू त्यांच्या पाठीमागून वळसा घालून पलीकडे जायच्या. घर लहान, वळसा मोठा. मला गंमत वाटली.

मी हेडफोन लावून गाणं ऐकलं. उजवीकडे ताशा, मध्ये बेंजो, डावीकडे ढोलकी, जशी पार्टी उभी राहायची तशीच मांडलेली. कुठे खोट नाही. मी हेडफोन काढून काकांच्या डोक्यावर चढवला आणि घाईत उलटा चढवला.

काका ताडकन उठले. "हिरा!" एवढंच म्हणाले आणि खाली बसले. डोळ्यांतून धारा.

मग माझ्या टाळक्यात उजेड पडला. हिराजीच्या ढोलकीचा स्पीकर तीस वर्षं या माणसाच्या डाव्या कानाशी लागून होता. तो कान केव्हाच गेला होता, आणि उलट्या हेडफोनमुळे आज ढोलकी उजव्या कानात शिरली. मशीन कधीच दमली नव्हती. आणि मी मात्र त्यांच्या बहिऱ्या बाजूला उभं राहून त्यांना आडमुठं ठरवत होते. माझी मलाच लाज वाटली.

मी उजवीकडे गेले आणि कानाचं सगळं सांगितलं. काकू म्हणाल्या, "मी वरीसभर तेच सांगते, पन ह्यांचा विश्वास त्या डबड्यावर."

"काका, ढोलकी उजवीकडे घेऊया का? एका मिनिटाचं काम आहे. तुम्हाला ऐकू येईल."

त्यांनी स्क्रीनवरच्या ढोलकीच्या ट्रॅकवर बोट ठेवलं.

"नको बाय. हिरा कवाच माझ्या उजवीकडं उभा राहिला नाय. पोरीला येल ना ऐकू?"

"येईल."

"मग ऱ्हाऊ दे तिथंच."

मी हेडफोन काढून स्पीकर लावले आणि गाणं पहिल्यापासून सुरू केलं. काकांनी खुर्ची ओढली, डावा पंजा डावीकडच्या थरथरत्या स्पीकरवर ठेवला, आणि उजव्या हाताने ते मांडीवर बेंजो वाजवायला लागले.