फळ्यावरचं हवामान

हवामानाच्या बाबतीत मला कोणी शिकवायला येऊ नये. बी-बियाण्यांच्या दुकानात मी काउंटर सांभाळतो, पण ते पोटापुरतं. माझं खरं काम दुकानाबाहेरच्या फळ्यावर असतं. गेली अडीच वर्षं रोज सकाळी आठच्या ठोक्याला मी तिथे दिवसाचा अंदाज लिहितोय. अंदाज हवामान कार्यालयातून फोनवर येतो, पण तो जसाच्या तसा उतरवून काढायला मी काय कारकून आहे? कार्यालय टेकडीच्या पलीकडे, आम्ही अलीकडे. हवा टेकडीला अडते, जरा दम खाते आणि आमच्याकडे एक दिवस उशिरा पोचते, असा माझा सिद्धांत. त्यामुळे कार्यालय म्हणालं आज पाऊस, की मी लिहिणार 'कोरडं'. ते म्हणाले कोरडं, की मी त्यांचा कालचा पाऊस आज आमच्याकडे पाडणार.

लोकांना त्याची कदर होती. सकाळी शेतावर जाणारा प्रत्येक जण फळ्यापाशी सायकल थांबवायचा, वाचायचा आणि लगबगीने निघायचा. एकदा बटाटेवाले (नदीकडे त्यांचं बटाट्याचं मोठं शेत आहे) काकड्यांनी भरलेली पिशवी घेऊन आले. "तुमच्यामुळे माल वाचला," म्हणाले. आदल्या दिवशी मी 'दिवसभर ऊन' लिहिलं होतं आणि दुपारी धो धो कोसळला होता, हे मला आठवत होतं. पण कौतुकाच्या मध्ये कशाला पडा? काकड्या घेतल्या.

घरी मात्र माझी किंमत शून्य. अण्णा, म्हणजे माझे सासरे, दोन वर्षांपासून आमच्याकडे असतात. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केली, त्यामुळे नजर तीक्ष्ण आणि जीभ त्याहून तीक्ष्ण. मी अंगणातला तापमापक बघायला वाकलो, की खिडकीतून आवाज यायचाच. "जावईबापू, त्या सगळ्या नळ्या विका आणि एक चांगली छत्री घ्या."

आणि स्वतः? छत्री न घेता फिरायला जायचे आणि चिंब होऊन यायचे. लख्ख उन्हात गमबूट घालून बाजारात जायचे. गाजराचं बी पेरलं, दुपारी सगळं वाहून गटारात. मला मनातल्या मनात बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. बायको म्हणायची, "अण्णांचं नशीबच असं आहे हो."

अण्णांचा जीव एकाच गोष्टीत अडकला होता, तो म्हणजे डेलिया. दरवर्षी फुलांचं प्रदर्शन भरतं आणि दरवर्षी निवृत्त पोस्टमास्तर पहिलं बक्षीस घेऊन जातात. अण्णांची पहिल्या वर्षीची झाडं कुजली, दुसऱ्या वर्षीची उन्हाने करपली. यंदा मात्र परसात एकाच झाडावर गडद लाल रंगाची तीन फुलं लागली होती, एकेक जेवायच्या ताटाएवढं. अण्णा सकाळ-संध्याकाळ त्यांच्याशी बोलायचे. माझ्याशी जेवढं बोलत त्याच्या दुप्पट. "पंचाहत्तरी झाली माझी," एकदा म्हणाले. "पुढच्या वर्षी वाकता येईल की नाही कोण जाणे. एकदा त्या पोस्टमास्तरचं तोंड बघायचंय." प्रदर्शन रविवारी होतं.

गुरुवारी आमच्या मालकांनी घोटाळा केला. मी फळ्याला नवीन चौकट मागितली, तर ते हसत सुटले. हसता हसता खुर्चीवर बसले.

"अहो, तुम्हाला अजून कोणी सांगितलं नाही?"

"काय?"

"लोक तुमचा फळा उलटा वाचतात. तुम्ही ऊन लिहिलंत, की ताडपत्र्या बाहेर काढतात. पाऊस लिहिलात, की फवारणी उरकून घेतात. अडीच वर्षांत एकदाही फसले नाहीत. टेकडीपलीकडच्या कार्यालयापेक्षा तुमच्यावर जास्त भरवसा आहे त्यांचा."

माझा चेहरा बघून ते जरा सावरले. "मनाला लावून घेऊ नका. फक्त कृपा करून सुधारू नका. सगळ्यांचा गोंधळ होईल."

त्या दिवशी मी जेवलो नाही. घरात येरझाऱ्या घातल्या, तापमापक तीनदा पुसला. बायकोने कपाळाला हात लावून बघितला, तेव्हा तिला मालकांचं बोलणं सांगितलं.

शुक्रवारी फळ्यावर काय लिहावं ते सुचेना, म्हणून आठ वाजता नुसतीच तारीख टाकली. बारा वाजता कार्यालयातून फोन. फोन करणाऱ्या बाई नेहमी शांत असतात, आज घाईत होत्या. "गारा येतायत. आजच, तीन ते चारच्या दरम्यान. मोठ्या गारा. तुमच्या बाजूला सगळ्यात जास्त. लोकांना सांगा."

बाहेर येऊन पाहिलं. टेकडीमागून हिरवट काळा ढग वर येत होता आणि दम खायची त्याची मुळीच इच्छा दिसत नव्हती.

मी खडू उचलला. 'गारा पडणार' असं लिहू? लोक रोपांवरचं पांघरूण काढून टाकतील. अख्ख्या गावाची रोपं माझ्या एका शब्दाने भुईसपाट होतील. शेवटी मनाचा हिय्या केला आणि मोठ्या अक्षरात लिहिलं, 'आकाश निरभ्र. पाऊस नाही, गारा मुळीच नाहीत. रोपं उघडी ठेवा.' लिहून भागणार नव्हतं. दुकानाच्या छतावर कर्णा आहे, नवीन रोपं आली की त्यावरून सांगतो. तो सुरू केला आणि तेच तीनदा ओरडून सांगितलं.

पाच मिनिटांत रस्त्यावर धांदल उडाली. माणसं ताडपत्र्या, गोणपाटं, चादरी घेऊन पळत होती. एक बाई दाराला लावलेला पडदा काढून घेऊन चालली होती. काय सांगू, अभिमानाने छाती भरून आली आणि त्याच वेळी कुठेतरी तोंड लपवावंसंही वाटलं.

तेवढ्यात बटाटेवाले येऊन उभे राहिले. डोळ्यांत संशय.

"मालक म्हणतात, तुम्हाला कळलंय."

"काय कळलंय?"

"आम्ही उलटं वाचतो ते. मग आता हे जे लिहिलंय, ते नेहमीसारखं उलटं, की उलट्याचं उलटं?"

खरं सांगावं तर हा माणूस खऱ्याचंही उलटं करणार. "फळ्यावर आहे तेच," मी म्हणालो.

"शपथेवर सांगा."

मी गळ्याला हात लावला. "शपथेवर सांगतो, आज एकही गार पडणार नाही."

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "शपथ घेतली रे त्यांनी!" असं ओरडत ते सायकल तिथेच टाकून शेताकडे धावले.

घरची काळजी मला नव्हती. सकाळी निघतानाच अण्णांनी डेलियावर बांबू उभे करून ताडपत्री बांधलेली मी पाहिली होती. ढगांचा रंग त्यांना माझ्याआधी कळला होता. आणि कर्णा ऐकला असता तरी काय? माझं बोलणं त्यांनी कधी मनावर घेतलंय? तरीही बूड एका जागी ठरेना. तीन वेळा घरी फोन केला. बायको शाळेत शिकवायला गेलेली, अण्णांना फोनची घंटा ऐकू येत नाही. कर्णा तेवढा येतो.

तीन वाजून दहा मिनिटांनी आलं. लिंबाएवढ्या गारा. दुकानाच्या पत्र्यावर असा आवाज, की मालक काउंटरखाली गेले. वीस मिनिटांत सगळं आटोपलं. रस्ता पांढरा झाला आणि माणसं ताडपत्र्यांखालून डोकी बाहेर काढून एकमेकांना हाका मारू लागली. कोणाचं काही गेलं नव्हतं. बटाटेवाल्यांनी मला मिठी मारली. "तुमच्यासारखा माणूस होणे नाही," म्हणाले, आणि ते मी कसं घ्यायचं हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

सायकल उडवत घरी आलो. आत न जाता तडक परसात गेलो.

अण्णा ओट्यावर बसले होते. शेजारी ताडपत्री, चार घड्या करून, कोपऱ्याला कोपरा जुळवून ठेवलेली. समोर डेलियाचं झाड, म्हणजे एक काठी आणि तिच्याभोवती चिखलात लाल चिंध्या.

"अण्णा, ताडपत्री बांधलेली होती ना?"

"होती."

"मग?"

"काढली. तुम्ही सांगितलंत ना कर्ण्यावरून, गारा मुळीच नाहीत म्हणून. म्हटलं, जरा ऊन खाऊ दे बिचाऱ्यांना."

मी मटकन त्यांच्या शेजारी बसलो. चिंब भिजलेले अण्णा, उन्हातले गमबूट, वाहून गेलेलं गाजर, कुजलेली झाडं, करपलेली झाडं, सगळं एका रांगेत डोळ्यांपुढून गेलं. नशीब कसलं, तो माझा फळा होता.

"तुम्ही माझं ऐकता?" मी विचारलं.

"दोन वर्षं ऐकतोय. फिरायला जाताना फळा वाचूनच जातो. तुमच्या तोंडावर कशाला सांगू, डोक्यात हवा जायची." मग हाताने एक गार बाजूला सारत म्हणाले, "चुकता तुम्ही पुष्कळदा. पण घरातल्या माणसावर नाही विश्वास ठेवायचा, तर कोणावर?"

मला रडू आलं. सरळ सांगतो, आलं. दारात बायको येऊन उभी होती, तिने सगळं ऐकलं होतं. "लोक फळा कसा वाचतात ते त्यांना कधीही सांगायचं नाही," असं तिने मला डोळ्यांनीच बजावलं.

अण्णा वाकले आणि मोडलेल्या पानाखालून एक कळी वर केली. एवढीशी, पण अखंड. "दोन दिवस ऊन मिळालं तर उघडेल. उद्याचं काय म्हणताय, जावईबापू?"

मी आकाशाकडे पाहिलं. सिद्धांत आठवला, पण ओठांवर आला नाही. "माहीत नाही, अण्णा," मी म्हणालो. त्यांनी मान डोलावली.

शनिवारी आठ वाजता फळ्यावरही तेच लिहिलं, 'उद्याचं, आजचं, कसलंच माहीत नाही.' अडीच वर्षांत पहिल्यांदा खरं लिहिलं, म्हणून हलकं वाटत होतं. साडेआठला दुकानासमोर ही गर्दी. सगळ्यात पुढे बटाटेवाले.

"माहीत नाही काय? म्हणजे पक्कं माहीत आहे! काय येतंय? वादळ? किती वाजता?"

"अहो, खरंच माहीत नाही."

"बघा, बघा, परत म्हणतायत!" आणि अर्धी गर्दी ताडपत्र्या आणायला पळाली.

तेवढ्यात अण्णा फिरायला निघालेले दिसले. फळ्यापाशी थांबले, चष्मा सारखा करून सावकाश वाचलं, आणि गर्दीकडे अजिबात न बघता पुढे गेले. डोक्यावर उन्हाची टोपी, हातात छत्री आणि पायांत गमबूट.