देवराज मोहल्ल्याचे विजय आणि भुजंगरावांची पाठ

शत्रूला कधी पाठ न दाखवलेल्या घराण्यात जन्म घेण्याचा एक तोटा असा, की पाठ दाखवण्याचा सराव राहत नाही. भुजंगरावांचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत घोडेस्वार होते आणि त्यांच्या साऱ्या जखमा छातीवर होत्या, असे घरात सांगत. भुजंगरावांनी तलवारीऐवजी तर्कशास्त्र हाती घेतले. निवृत्त होईपर्यंत ते त्यांनी कॉलेजात शिकवले आणि शकुन पाळणाऱ्या प्राचार्यांच्या वाटेत एकदा मुद्दाम मांजर सोडले. ‘माझ्या घरात अंधश्रद्धा चपला काढूनसुद्धा आत येऊ शकत नाही,’ असे ते म्हणत.

हे विधान त्यांनी शेवटचे केले ते पंचाहत्तर सालच्या दसऱ्यात. संक्रांत आली तेव्हा हेच भुजंगराव दर रविवारी भर उन्हात, अंगात लोकरी स्वेटर घालून, एका फुटबॉलच्या मैदानाकडे पाठ करून बसत होते.

या अधःपाताचे निमित्त अंबाजी. भुजंगरावांच्या दिवंगत बहिणीचा हा मुलगा त्यांच्याच घरी वाढला. त्याने न्यायशास्त्राचे ग्रंथ उघडावेत अशी मामांची इच्छा. त्याने देवराज मोहल्ल्यात शिंप्याचे दुकान उघडले. वर मोहल्ल्याच्या फुटबॉल संघाचा तो कॅप्टन झाला. हा संघ हौशी होता आणि हरण्यात त्याचे सातत्य एखाद्या संशोधकाला लाजवील असे होते. मामा भाच्याला एका शब्दाने बोलले नाहीत. ते फक्त त्याच्याशी शुद्ध मराठीत बोलू लागले. ज्या घरात निम्मे वाक्य कानडीत संपते, तिथे ही शिक्षा किती कडक, ते म्हैसूरकरांना सांगायला नको.

विद्वानाला एखादे व्यसन शोभते. भुजंगरावांना मुष्टियुद्धाचे होते. आयुष्यात त्यांनी डास सोडून कोणावर हात उगारला नव्हता. पण आदल्या वर्षीची किन्शासाची लढत आणि यंदाची मनिलाची, या दोन्ही त्यांना फेऱ्यांनिशी पाठ होत्या. आणीबाणीमुळे वर्तमानपत्रात निर्भयपणे छापलेले असे खेळाचेच पान उरले होते, आणि ते पान घेऊन शेजारचे तिरुमलराव, बँकेतून निवृत्त झालेले, रोज सकाळी व्हरांड्यात वादाला येत. मनिलाच्या वृत्तान्तावर तर दोघांनी एखाद्या सूत्रावर भाष्य करावे तशी चर्चा केली होती.

एका रविवारी भागीरथीबाईंनी नवऱ्याला निर्वाणीचे सांगितले, की पोराचा एक तरी खेळ बघायला चला. भुजंगराव गेले. जाताना घडीची खुर्ची आणि मनिलाचा वृत्तान्त घेऊन गेले. मैदानावर ऊन डोळ्यांवर येत होते, म्हणून त्यांनी खुर्ची उलटी मांडली आणि वाचत बसले. उन्हाचे कारण खरे होते; ऊन नसते तर त्यांनी दुसरे खरे कारण शोधले असते.

त्या दिवशी देवराज मोहल्ला जिंकला.

पुढच्या रविवारी शिष्टाचार म्हणून ते मैदानाकडे तोंड करून बसले. त्यांनी चष्मा काढून पुसेपर्यंत संघावर गोल झाला. भागीरथीबाई म्हणाल्या, “सुम्ने, गप आपलं तिकडं पाठ करून बसा हो.” भुजंगराव गुपचूप वळले, आणि मोहल्ल्याने पाठोपाठ दोन गोल चढवले. तिथून विजयांची जी रांग लागली ती थांबेना.

भुजंगरावांनी संघाला समोर बसवून व्याख्यान दिले. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, म्हणून कावळा हे कारण ठरत नाही, हे त्यांनी सोदाहरण पटवले. संघाने आदराने माना डोलावल्या.

“मामा, कावळ्याचं राहू द्या,” अंबाजी म्हणाला. “फांदीला विचारा की.”

आणि रविवारी खुर्ची उलटीच मांडली गेली.

मूर्खपणा हा एकटा राहत नाही. तो संसार थाटतो. पहिल्या दिवशी सकाळी गारवा होता म्हणून घातलेला स्वेटर अनिवार्य ठरला. मनिलाचा तो कागद घड्यांवर फाटला, तेव्हा अंबाजीने त्याला मागून अस्तराचे कापड लावून दिले. लोक खेळाइतकेच भुजंगरावांची पाठ बघायला येऊ लागले. मोहल्ल्यातल्या एका सराफाने तर विनंती केली, की नव्या दुकानाच्या मुहूर्ताला पंतुलु पुरोहितांचे मंत्र झाले की सरांनी दोन मिनिटे दुकानाकडे पाठ करून उभे राहावे. भुजंगरावांनी त्याला जे उत्तर दिले ते इतके संस्कृतप्रचुर होते, की सराफाने तो आशीर्वाद समजून पेढे पाठवले.

खरी पंचाईत निराळीच होती. मागे बॉलचा धप्पकन आवाज होई, गर्दी ‘अंबाजी, अंबाजी’ म्हणून उसळे, आणि ज्याने त्याला अंगाखांद्यावर वाढवले त्या माणसाच्या समोर असे एक कंपाउंडची भिंत आणि तिला टेकवलेल्या सायकली. भागीरथीबाई वर्णन करीत, पण त्या कलेत त्यांना गती नव्हती. “आता तो पळतोय,” त्या सांगत. “आता दुसरा पळतोय.” आधी ज्या मैदानाकडे भुजंगराव तुच्छतेने बघत नव्हते, त्याकडे बघण्यासाठी आता त्यांची मान तडफडू लागली. पोराला एकदा, फक्त एकदा, खेळताना बघायचे होते.

या रांगेने मोहल्ला चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचला; तो पिरियापट्टणच्या संघाशी होता. भुजंगरावांनी जेवताना जाहीर केले, की आपण खुर्ची सरळ मांडणार. पोराचा खेळ बघणार आणि या भ्रमाचा एकदाचा निकाल लावणार.

“मांडा की,” भागीरथीबाई वाढता वाढता म्हणाल्या. “हरले तर अंबाजीला काय सांगायचं ते पण ठरवून ठेवा.”

भुजंगरावांनी त्या दिवशी ताकभात टाकला.

रविवारी खुर्ची आली. तिच्याकडे बराच वेळ बघून ते नेहमीसारखे, मैदानाकडे पाठ करून बसले. फक्त हाफटाइमपर्यंत, असे त्यांनी स्वतःला बजावले. हाफटाइमला एक-एक अशी बरोबरी होती. मग त्यांनी स्वतःला असे बजावले, की बरोबरीच्या वेळी प्रयोग करणे शास्त्रशुद्ध नव्हे.

अशा वेळी तिरुमलराव येऊन त्यांच्या पाठीमागे, मैदानाच्या बाजूला, उभे राहिले. तिरुमलरावांचे जावई पिरियापट्टणचे, तंबाखूचे मोठे शेतकरी आणि तिथल्या संघाचे आश्रयदाते. जावयाच्या समाधानासाठी म्हैसूरचा सासरा कोणत्या थराला जाईल याचा अंदाज भुजंगरावांना असायला हवा होता. त्यांना एवढेच ऐकू आले, की तिरुमलराव कोणाला तरी मोठ्याने सांगताहेत, किन्शासाची लढत सहाव्या फेरीत संपली.

आठव्या. भुजंगरावांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. चुकीचे विधान दुरुस्त न करता सोडणे त्यांना आयुष्यात जमले नव्हते. पण मागे अंबाजी धावत होता, आणि ते गप्प बसले. तिरुमलराव मग म्हणाले, की ती लढत गुणांवर सुटली. भुजंगरावांच्या कपाळावर घाम आला. स्वेटर होताच. भागीरथीबाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

खेळ संपायला थोडाच अवकाश उरला. तिरुमलरावांनी अगदी कानामागे येऊन, शांतपणे, शेवटचे अस्त्र सोडले.

“आणि मनिलाला बघा, पंधराव्या फेरीत हरणारा गडी आडवाच झाला. आमच्या भुजंगरावांनीच सांगितलं मला.”

भुजंगराव खुर्चीसकट वळले.

“मी? मी असं म्हणालो? अहो, पंधरावी फेरी झालीच नाही! चौदावी संपल्यावर त्या गड्याच्या गुरूनं त्याला उठू दिलं नाही! पोराची काळजी वाटली म्हणून!”

त्यांचे वाक्य पुरे होते न होते तोच मैदान एवढ्या जोराने गर्जले की सायकली पडल्या. गोल झाला होता. अंबाजीने केला होता. पाठोपाठ शेवटची शिट्टी झाली. देवराज मोहल्ल्याने चषक जिंकला, आणि भुजंगरावांचे तोंड, सर्वांसमक्ष, मैदानाकडे होते.

त्या क्षणी त्यांना जो आनंद झाला तो शुद्ध तार्किकाचा होता असे ते अजून सांगतात. डोळे का भरले याचे स्पष्टीकरण ते देत नाहीत. संघाला थोपवून त्यांनी खुर्चीवर चढून घोषणा केली, की मी वळलो आणि तुम्ही जिंकलात. कावळा उडाला, फांदी शाबूत आहे. संघ खिन्न झाला. एवढ्या दिवसांची श्रद्धा अशी एका वाक्यात जाते, तेव्हा चषकसुद्धा हलका लागतो.

अंबाजी मात्र चिखलाने माखलेला पुढे आला. त्याचा चेहरा वेगळाच झाला होता.

“मामा, तुम्ही बघितला माझा गोल?”

“बघितला,” भुजंगराव म्हणाले, आणि बऱ्याच वर्षांनी कानडीत पुढे गेले, “चेन्नागित्तु कणो, झकास होता रे. काय डावा पाय आहे तुझा!”

अंबाजी पायांकडे बघत राहिला.

“डोक्यानं मारला, मामा.”

भागीरथीबाईंनी पदराने नवऱ्याच्या कपाळावरचा घाम टिपला. “वळले खरे,” त्या सगळ्यांना म्हणाल्या, “पण डोळे घट्ट मिटून. मी बघत होते की.”

संघात पुन्हा चैतन्य आले. लोकांनी चषकाऐवजी भुजंगरावांनाच उचलण्याचा प्रयत्न केला. तो त्यांनी छत्रीने परतवला. गर्दी पांगली तरी ते खुर्चीवर बसून होते. प्रत्यक्ष हेच श्रेष्ठ प्रमाण असे ज्यांनी जन्मभर शिकवले, त्यांनी ऐन वेळी प्रत्यक्षाकडे डोळे मिटून बघितले होते.

अंबाजीला राहवले नाही. “चला मामा, परत मारून दाखवतो. तसाच.”

रिकाम्या मैदानावर तिरुमलराव, प्रायश्चित्त म्हणून, बॉल फेकायला उभे राहिले. गोलात कोणी नव्हते. भुजंगरावांनी चष्मा पुसला, डोळे विस्फारले. बॉल आला, अंबाजी उसळला, आणि बॉल खांबावरून भिंतीपलीकडे गेला.

“फेक चुकली,” तिरुमलराव म्हणाले. बॉल आणवून त्यांनी पुन्हा फेकला. भुजंगराव पापणीही न लववता बघत होते. या वेळी बॉल अंबाजीच्या कानाला लागून कंपाउंडकडे गेला.

बॉल घेऊन अंबाजी परत आला आणि मामांकडे बघू लागला. भुजंगरावांनी इकडेतिकडे पाहिले. घरची माणसे आणि तिरुमलराव सोडले तर ओळखीचे कोणी नव्हते. विद्यार्थी तर नव्हताच.

“मार,” ते म्हणाले, आणि डोळे मिटून घेतले.

भागीरथीबाईंची टाळी ऐकू आली.