मन्मथअप्पांचा पेला

मन्मथअप्पा कुणाची बेस गिटार बघायला गेले की आधी पिशवीतून स्टीलचा पेला काढतात. पाणी पिण्यासाठी नाही. गिटार स्पीकरच्या खोक्याला जोडायची, पेला त्या खोक्यावर पालथा घालायचा आणि सगळ्यात जाड तार छेडायची. मग गिटारीकडे ढुंकूनही न बघता अप्पा पेल्याजवळ कान नेऊन बसतात. पेला थरथरतो, बोटभर सरकतो. गिटारीचा मालक परीक्षेचा निकाल ऐकायला आल्यासारखा उभा असतो. अप्पा पेला उचलतात, धोतराच्या सोग्याने पुसतात, पिशवीत ठेवतात आणि म्हणतात, "हाय चांगली. पन ते न्हाई."

'ते' म्हणजे काय, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. विचारायची लाज वाटायची. आपल्याला कळत नाही हे कबूल करण्यापेक्षा मान डोलावणं सोपं असतं.

आम्ही म्हणजे नांदेड-लातूर भागातली सहा-सात हौशी माणसं. मी स्वतः नांदेडच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे आणि वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, घरच्यांच्या भाषेत, मला हे खूळ लागलं. बेस गिटार म्हणजे चार जाड तारांची, खालच्या सुरात घुमणारी गिटार. ऑर्केस्ट्रात ती वाजत असते तेव्हा कुणाचं लक्ष जात नाही. थांबली की मात्र गाण्यात काहीतरी कमी झाल्यासारखं वाटतं. अशा वाद्याच्या नादी लागणारी माणसंही तशीच असतात, असं माझी बायको म्हणते. मी त्यावर वाद घालत नाही.

खरं सांगायचं तर आम्ही वाजवतो कमी आणि अदलाबदल जास्त करतो. माझी गिटार तुला, तुझं आवाज बदलायचं पेडल मला, वर दोन तारा. नांदेडचा माणूस तिकडून निघतो, लातूरचा इकडून, आणि अहमदपूरच्या स्टँडवर रसवंतीच्या बाकड्यावर खोळी उघडतात. एकदा एका पोलिसाने आम्हाला बराच वेळ न्याहाळलं होतं. दोन पोक्त माणसं लांबलचक काळ्या खोळी एकमेकांना देतात आणि उलट दिशांच्या गाड्यांत बसून निघून जातात, हे कुणालाही संशयास्पदच वाटणार.

या सगळ्यात अप्पांना मान मोठा, कारण त्यांचा धंदाच गुंडाळीचा. लातुरात त्यांचं मोटार वायंडिंगचं दुकान आहे. बोअरची मोटार जळाली की शेतकरी ती अप्पांकडे टाकतो, अप्पा आतली जळकी तार काढून नवी गुंडाळतात. बेस गिटारीतही तारांखाली एक चुंबक असतं आणि त्याच्याभोवती केसाएवढ्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. त्याला पिकअप म्हणतात, आणि आवाजाची सगळी मदार त्याच्यावर. त्यामुळे आम्ही लोक मुंबईहून, पुण्याहून पिकअप मागवत असताना अप्पा ते सबमर्सिबल मोटारीच्या शेजारी बसून स्वतः गुंडाळत. वर मोटारीचं वार्निशही लावत. "आता हिला हिरीत सोडली तरी कायबी व्हत न्हाई," असं गिऱ्हाइकाला सांगत.

अप्पांच्या दुकानात दोन नियम होते. एक, जुनी गुंडाळी वेढे मोजल्याशिवाय भंगारात टाकायची नाही. मोजायचे, वहीत लिहायचे, मगच टाकायची. नाहीतर मोटार पुन्हा पहिल्यासारखी कधीच चालत नाही. दुसरा नियम ते आल्या-गेल्याला ऐकवत, "आधी बाहेरचं बगा, मंग पोट फाडा." शेतकरी मोटार जळाली म्हणून धावत आला की अप्पा आधी विचारत, स्टार्टर बघितला का? केबल बघितली? बोअरला पाणी तरी हाय का? निम्म्या मोटारी अप्पांनी न उघडताच परत पाठवल्या असतील. असा माणूस धंद्यात श्रीमंत होत नाही, पण त्याच्या दारात गर्दी कायम असते.

त्यांची स्वतःची गिटार लाल रंगाची, तिला ते लाली म्हणतात. कुठल्याशा यात्रेतल्या ऑर्केस्ट्रावाल्याने ती दुरुस्तीला टाकली आणि तो परत फिरकलाच नाही. "तीन वर्षं वाट बगितली," अप्पा सांगतात. "मंग म्हनलं, पाव्हना घरात हायच तर त्याच्याशी बोलावं तरी." असे ते बेस वाजवायला शिकले. गिटारीचं मूळचं बटन हरवलं म्हणून त्यांनी पंख्याच्या रेग्युलेटरचं बटन बसवलं. त्याच्यावर एक ते पाच आकडे आहेत. गळ्यातला पट्टा पिठाच्या गिरणीचा आहे. वाजवायला येतात मोजून पाच गती म्हणजे सुरावटी, सगळ्या शिवभजनाच्या.

सहा वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो, तेव्हा महानंदाकाकू होत्या. घर दुकानाच्या मागेच. बाहेरच्या खोलीत अप्पा वाजवायला बसले आणि त्यांनी जाड तार छेडली, तसा स्वयंपाकघरातून असा आवाज आला की कुणीतरी चमच्यांचा डबा हलवतंय असं मला वाटलं. फळीवर स्टीलचे बारा पेले पालथे, एकमेकांना खेटून मांडलेले होते, आणि त्या एका सुराला सगळे मिळून किणकिणत होते. काकू त्यांच्यावर दोन्ही तळवे ठेवून ओरडल्या, "अवो! पेले वाजून राहिलेत!"

"झालंच, झालंच!" अप्पा इकडून ओरडले. "येक गत राहिली!"

काकू मला चहा देताना म्हणाल्या, "सर, ह्यांची येक गत म्हंजे उदगीरची गाडी. सुटती म्हनत्यात, सुटत काय न्हाई."

हे रोजचंच होतं. ती किणकिण, ती हाक आणि तो जबाब यांशिवाय मी त्या घरात अप्पांचं वाजवणं कधी ऐकलं नाही. आम्ही मित्र मागे त्याची नक्कलही करायचो.

दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या. पाच-सहा महिने अंथरुणावर होत्या. आणि त्यानंतर अप्पांना हा पेल्याचा नाद लागला. एका वर्षात त्यांनी नऊ गिटारी घेतल्या आणि नऊ दिल्या. स्पीकरचे खोके बदलले, तारा बदलल्या. एक लाल गिटार सोडली तर त्यांच्या घरात काहीही महिनाभर टिकेना. लाल गिटारीतली गुंडाळी तर त्यांनी अकरा वेळा काढून पुन्हा घातली. दर वेळी पेला, दर वेळी "ते न्हाई".

आम्हा शहाण्यांना वाटलं, ही आवाज तपासायची काहीतरी खास पद्धत असणार. धर्माबादचा आमचा नरसिमलू मिरचीचा अडत्या आहे. त्याची गिटार हातात घेतली की चार शिंका येतात. त्याने तांब्याचा पेला आणला आणि 'तांब्यावर सूर जास्त खुलतो' असं आमच्या ग्रुपवर टाकलं. त्यावर आठवडाभर वाद चालला. स्टील की तांबं, पालथा की उताणा. यावर एखादं पुस्तक आहे का, असंही मला विचारण्यात आलं. मी शोधतो म्हणालो. माझ्यासारख्याने दुसरं काय म्हणायचं?

त्या पेल्यावर नाव घातलेलं होतं. आपल्याकडे प्रत्येक भांड्यावर कुणाचं तरी नाव असतंच, म्हणून ते कुणी वाचत नाही. मीही वाचलं नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी मी माझी नवी गिटार घेऊन लातूरला त्यांच्या घरी गेलो. दुपारची वेळ होती. अप्पांनी रीतसर पेला ठेवला, कान लावला, मान हलवली. मी नांदेडहून तीन तास उभा राहून आलो होतो. माझा जरा तोलच गेला.

"अप्पा, नेमकं काय पाहिजे तुम्हाला? दोन वर्षं झाली, ते न्हाई, ते न्हाई. ते म्हणजे काय, एकदा सांगून तरी टाका."

अप्पा पेला पुसत होते. पुसतच राहिले. मग त्यांनी तो माझ्या हातात दिला. पोटावर बारीक ठिपक्यांनी टोचलेलं होतं, 'सौ. महानंदा'.

"ही आजारी पडली ना सर," ते म्हणाले, "तवा डोकं लई दुखायचं तिचं. म्या म्हनलं, पेल्याच्या आवाजानं तरास व्हत आसल. मंग येक दिवस लालीची गुंडाळी कापली. ब्लेडनं. वेढे मोजले न्हाईत."

अप्पांनी वेढे मोजले नाहीत, यावर माझा विश्वास बसेना.

"कमी वेढ्याची नवी घातली. आवाज जरा पातळ केला. अन् खरंच पेले वाजायचे बंद झाले. मला बरं वाटलं. चार दिसांनी ही म्हनती, अवो, तुमी वाजवनं सोडलं का? म्हनलं, न्हाई की, रोज वाजवून राहिलोय. तर म्हनली, मंग पेले कामून वाजंनात? मला वाटलं माझ्यापाई सोडलं."

बाहेर दुकानापुढे कुणीतरी टेम्पोतून मोटार उतरवत होतं, त्याचा दणका झाला.

"आतल्या खोलीत पडून तिला गिटारीचा आवाज जात नव्हता, सर. पेल्यावरनं कळायचं तिला, मी घरात हाय म्हून. म्या लई धडपडलो पहिली गुंडाळी पुना घालायला. पन आकडाच न्हाई तर घालू कशी? ती गेली तवर जमलं न्हाई. आजूनबी जमंना."

मला तिथे बसवेना. चहा करतो म्हणून मी पेला त्यांच्याकडे परत दिला आणि उठलो. दुसऱ्याच्या घरात रडायचं झालं तर स्वयंपाकघर बरं असतं.

पेला घ्यायला फळीकडे हात नेला आणि तसाच राहिला. फळीवर हिरव्या रबराची जाळीदार चटई अंथरलेली होती, भांडी घसरू नयेत म्हणून मिळते ती. आणि पेले एकात एक घालून ठेवलेले, चार-चारांच्या दोन चवडी आणि एक तिनाची.

"अप्पा, ही चटई कधी घातली?"

"सुनंदानं," ते बाहेरूनच म्हणाले. सुनंदा त्यांची निलंग्याला दिलेली मुलगी. "आई आजारी पडली तवा, त्याच दिसांत आलती. समदं घर लावून दिलं पोरीनं. कामून?"

मी पेले खाली उतरवले, चटई ओढून काढली. फळीच्या पत्र्यावर जुने गोल डाग अजून दिसत होते, एकमेकांना चिकटून, दोन ओळींत. मी एकेका डागावर एकेक पेला पालथा घातला. एक डाग रिकामा राहिला. बाहेर जाऊन अप्पांच्या हातातला पेला घेतला आणि तो तिथे ठेवला.

"अप्पा, लाल गिटार वाजवा."

"तिच्यात काय न्हाई सर. कालच बारावी गुंडाळी—"

"वाजवा हो तुम्ही."

ते कुरकुरत उठले. पट्टा गळ्यात घातला, पंख्याचं बटन तीनवर आणलं आणि जाड तार छेडली.

फळी किणकिणली. सगळे बाराच्या बारा पेले. पातळ आवाजाला, जाड आवाजाला त्यांना काही देणंघेणंच नव्हतं. त्यांना एकमेकांना खेटून उभं राहायचं होतं आणि पायाखाली उघडा पत्रा पाहिजे होता, एवढंच.

अप्पा दारात आले. गिटार गळ्यातच, मागे वायर ताणलेली. त्यांनी फळीकडे पाहिलं, माझ्या हातातल्या चटईकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"बाहेरचं बगायचं राहिलं," ते हळू म्हणाले. "जगाला सांगत बसलो."

"म्हणजे गुंडाळीने काही बिघडलं नव्हतं, अप्पा. तुमच्या हातून काही झालं नव्हतं."

त्यांनी मान हलवली, पण माझं ऐकून नव्हे. दोन वर्षं हा माणूस तो हरवलेला आकडा उरावर घेऊन फिरत होता आणि आम्ही त्याला पेल्याचा धातू विचारत होतो. मला माझीच लाज वाटली. सुनंदाला यातलं काही सांगायचं नाही, असं अप्पांनी माझ्याकडून तिथेच कबूल करून घेतलं. "पोरीनं मायेनं केलं," एवढंच म्हणाले.

मग ते बाहेरच्या खोलीत जाऊन बसले आणि पहिली गत सुरू केली. मी फळीशी उभा होतो. पेले वाजायला लागले. त्यांचा आवाज खरंच त्रासदायक आहे, दातांत जातो. माझे दोन्ही तळवे आपोआप वर उचलले गेले, काकूंसारखे. मी ते तसेच मागे घेतले.

अप्पांनी मधेच हात थांबवला. काकूंची हाक यायची ती जागा होती.

मग अप्पांनीच स्वयंपाकघराकडे तोंड करून, पूर्वीसारखं मोठ्याने म्हटलं, "झालंच, झालंच! येक गत राहिली!"

ती एक गत संध्याकाळी माझी नांदेडची गाडी चुकेपर्यंत चालली.